रिव्हॉल्व्हरचा सराव: कमी खर्चात आणि कायद्यात राहून

परवाना आहे, .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर कपाटात आहे, पण कधी झाडून पाहिलेले नाही? मग सराव हवाच. खर्च कमी करण्याचे सरळ मार्ग आहेत. आडमार्गही आहेत, ते टाळा.

दुकानात ‘सरावाची हलकी गोळी’ मागण्याआधी हातातली गोळी ओळखा. पुण्याच्या खडकी दारूगोळा कारखान्यातले .३२ काडतूस (बुडावर ‘केएफ’ असा ठसा) मुळातच सौम्य आहे: साधारण सहा ग्रॅम शिसे, सेकंदाला दोनशे मीटरच्या आसपास वेग. २५ मीटर सेंटर-फायर स्पर्धेत याच मापाची सपाट तोंडाची ‘वॉडकटर’ गोळी वापरतात. ती कागदावर स्वच्छ गोल भोक पाडते, त्यामुळे गुण मोजायला सोपे जाते. मिळाली तर घ्या, पण शिकण्यासाठी तिची गरज नाही.

खरा प्रश्न दराचा. .३२ च्या एका काडतुसाचा दर साधारणपणे शंभरी ओलांडतो आणि दुकानागणिक बदलतो. दोन-तीन ठिकाणी विचारा, जीएसटी धरून आहे का ते विचारा, पक्के बिल घ्या. पन्नास गोळ्यांची एक सकाळ म्हणजे पाच हजारांच्या वर गेलात. म्हणून सरावाचा मोठा भाग गोळीविना करा.

घरी: त्याच बोअरची डमी काडतुसे म्हणजे ‘स्नॅप कॅप’ आणा. सहा पुरतात. खरी काडतुसे दुसऱ्या खोलीत कुलपात, सिलिंडर दोनदा तपासून रिकामा, समोर भक्कम भिंत, घरात मुले जागी असताना नाही. चाप ओढताना नळी हलते का, एवढेच पाहा. रिव्हॉल्व्हर .२२ चे असेल तर डमीशिवाय चाप ओढू नका. पिन चेंबरच्या कडेवर आपटून दोन्ही खराब होतात.

क्लबात: एअर पिस्तूल. बोअर ४.५ मिमीपर्यंत आणि ऊर्जा २० ज्यूलच्या आत असेल तर परवाना लागत नाही; हे दोन्ही आकडे बिलावर लिहून घ्या. पाचशे छर्ऱ्यांचा डबा काहीशे रुपयांपासून मिळतो. स्पर्धेच्या दर्जाचे परदेशी पिस्तूल लाखाच्या पुढे जाते. ते विकत घेऊ नका, सुरुवातीला क्लबचेच भाड्याने वापरा.

रेंज निवडताना पहिला प्रश्न हा: इथे .३२ चालते का? १० मीटरची रेंज फक्त एअरसाठी असते, गोळीसाठी २५ मीटरची लागते. पुण्यात बालेवाडीच्या क्रीडानगरीत आणि मुंबईत वरळीला चौकशी करा. फोनवर एवढेच विचारून थांबू नका. प्रवेश फी, वार्षिक वर्गणी, लेनचे भाडे, टार्गेटचा कागद, प्रशिक्षक, कानाचे मफ आणि चष्मा, एअर सिलिंडर भरण्याचे पैसे, परत मिळणारी अनामत किती आणि न मिळणारी किती, हे सगळे लेखी मागा. जाहिरातीतली ‘मासिक फी’ या यादीतला बहुधा सर्वांत लहान आकडा असतो.

काडतुसे घ्यायला जाताना मूळ परवाना आणि ओळखपत्र सोबत हवे. परवान्यावर दोन आकडे असतात: एका वेळी किती काडतुसे बाळगता येतील आणि वर्षाला किती घेता येतील. सराव त्याच्या आत बसवा. विक्रीची नोंद परवान्यावर झाली आणि आकडा बरोबर आहे, हे पाहूनच दुकान सोडा. रेंजवर किती झाडल्या याची पावती घ्या, पुंगळ्या मोजून जपा. कुणी हिशेब विचारला तर हाच पुरावा. नूतनीकरणाचा अर्ज मुदतीच्या दोन महिने आधी करा. शहरात पोलीस आयुक्तालय, आयुक्तालय नसेल तिथे जिल्हाधिकारी कार्यालय.

आता आडमार्ग. ‘पुंगळ्या द्या, स्वस्तात हलक्या भरून देतो’ असे कुणी म्हणाले तर उठून निघा. परवान्याशिवाय काडतूस तयार करणे हा शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, आणि धोका त्याहून मोठा. दारू कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि पुढची तिच्यावर आदळते. रेंजवर एखादा बार नुसता ‘फुस्स’ वाजला तर चाप पुन्हा ओढू नका. नळी समोर धरून अर्धा मिनिट थांबा, रेंज अधिकाऱ्याला हाक मारा. बिलाशिवाय मिळणारी किंवा मित्राच्या परवान्यावरची काडतुसेही नकोत. शेतात, गच्चीवर, लग्नात तर मुळीच नाही: २०१९ च्या दुरुस्तीनुसार आनंदाच्या भरात निष्काळजीपणे केलेल्या गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

सराव संपला की काही खाण्याआधी साबणाने हात-तोंड धुवा आणि ते कपडे वेगळे धुवा. शिशाची भुकटी लहान मुलांना फार लवकर बाधते.