झारीतले शुक्राचार्य मोजता येतात का?

प्रश्न : गरीब देशांची सरकारं शिक्षणावर इतके कोटी, तितके कोटी खर्च केल्याचं सांगतात. त्यातलं शाळेच्या दारापर्यंत किती पोचतं, हे कुणी मोजलंय का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : मोजलंय, आणि तेही चांगलं वह्या उघडून. देश पूर्व आफ्रिकेतला युगांडा. तिथे प्राथमिक शिक्षणावरची तरतूद वाढत होती, शाळा मात्र होत्या तिथेच. म्हणून १९९६ साली सरकार आणि जागतिक बँक यांनी २५० सरकारी प्राथमिक शाळांत माणसं धाडली. काम सरळ होतं : राजधानी कम्पालाहून दरडोई अनुदान म्हणून निघालेली रक्कम एकीकडे, शाळेच्या वहीत जमा झालेली दुसरीकडे.

१९९१ ते १९९५ या काळात शंभर शिलिंगांमागे सरासरी तेरा शाळेत पोचले होते. कितीतरी शाळांना छदामही मिळाला नव्हता. बाकीचे जिल्हा पातळीवरच मुरले.

मला यातली सगळ्यात बोलकी गोष्ट वेगळीच वाटते. त्याच जिल्ह्यांतून जाणारे शिक्षकांचे पगार बऱ्यापैकी पोचत होते. पगार किती हे मास्तरांना पाठ असतं, चार शिलिंग कमी आले तर ते कचेरीत जाऊन उभे राहतात. पुस्तकं-खडूंसाठी काही अनुदान येतं, याचा मात्र पालकांना पत्ताच नव्हता. ते आपले निमूटपणे फी भरत होते.

मग सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती पैसे पाठवले, हे वर्तमानपत्रांत छापायला सुरुवात केली. शाळेला मिळालेली रक्कम फलकावर लावणं बंधनकारक झालं. २००१ पर्यंत ऐंशी टक्क्यांहून जास्त रक्कम पोचू लागली. वर्तमानपत्र मिळण्याचं ठिकाण ज्या शाळांना जवळ, तिथली गळती जास्त घटली, असंही अभ्यासकांना आढळलं. सगळं श्रेय छापील कागदाला देऊ नये, असं म्हणणारे अर्थतज्ज्ञ आहेत. त्याच सुमारास तिथे खजिन्याच्या कारभारातही सुधारणा चालू होत्या. ते खरंच आहे. तरी तपासनीसांची आणखी एक फौज नेमण्यापेक्षा हा उपाय स्वस्त पडला, एवढं नक्की.

पण पैसे पोचले म्हणजे शिक्षण पोचलं असं नाही. १९९७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत झालं आणि पटावरची मुलं सुमारे तीस लाखांवरून एका वर्षात पन्नास लाखांच्या पुढे गेली. वर्गात पाय ठेवायला जागा नाही, आणि शिक्षक? २००२-०३ च्या सुमारास अचानक भेटी देऊन हजेरी तपासली, तेव्हा युगांडात २७ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. हसू नका, त्याच पाहणीत भारताचा आकडा २५ होता. महाराष्ट्र १५ च्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या राज्यांत बरा.

मुलं शिकतात का, हे बघायला युगांडाने पुढे जी पद्धत घेतली ती मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीवरून. तिथे तिचं नाव ‘उवेझो’. तिच्या पहिल्या फेऱ्यांत तिसरीतल्या बहुतेक मुलांना दुसरीच्या पातळीची इंग्रजी गोष्ट वाचता आली नाही. ही चाचणी स्वयंसेवक घरोघरी जाऊन घेतात, कारण त्या दिवशी शाळेत न आलेल्या आणि शाळेचं तोंडही न पाहिलेल्या मुलांनाही मोजायचं असतं.