बीज आणि जमीन : बुरशीचे विकार, आहार व राहणी
(आरोग्यशास्त्र – इयत्ता ५ वी ते ७ वी – दोन तासिका)

पाठाचा हेतू

नायटा, चिखल्या, शिबे, डोक्यातील खवडे हे विकार शाळेतील मुलांत नेहमी आढळतात. त्यांनी सहसा जीव जात नाही. म्हणून घरी त्यांची वेळीच दखल घेतली जात नाही. पुढे खाज असह्य झाली म्हणजे दोन उपाय सुरू होतात. एक, मुलाचे दूध, दही, वांगे बंद करणे. दुसरा, दुकानातून एखादे मलम आणून चोळणे. पहिल्या उपायाने वाढत्या मुलाचे पोषण उणे होते, दुसऱ्याने पुष्कळदा नायटा अधिकच पसरतो. आणि शाळेत ते मूल कोपऱ्यात एकटे बसते. आहाराचा व राहणीचा या विकारांशी खरा संबंध कोणता, आणि नसलेला संबंध कोणता, हे मुलांना व त्यांच्याद्वारे पालकांना उमगावे, हा या पाठाचा हेतू आहे.

स्थानिक परिस्थिती

शिरूर तालुक्यातील कारेगाव हे गाव पुणे–अहिल्यानगर महामार्गावर, रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीला लागून आहे. अशा गावांत दोन प्रकारची राहणी शेजारी शेजारी नांदते. एकीकडे शेती, गुरे, उसाला पाणी देताना तासन् तास ओल्या राहणाऱ्या पायांची राहणी. दुसरीकडे दूरदूरच्या जिल्ह्यांतून व प्रांतांतून आलेल्या कामगारांची, भाड्याच्या एका खोलीत चौघापाचांनी राहण्याची, घामट बूट-मोजे घालून पाळीवर जाण्याची राहणी. दोन्ही घरांतील मुले एकाच वर्गात बसतात. हा पाठ दोघांनाही लागू पडेल अशा रीतीने शिकवावा.

प्रयोग

पाठाच्या चार दिवस आधी भाकरीचे दोन सारखे तुकडे घ्यावेत. एक कडक उन्हात खडखडीत वाळवावा. दुसऱ्यावर पाणी शिंपडावे. दोन्ही तुकडे झाकणाच्या दोन स्वच्छ काचेच्या बरण्यांत ठेवून झाकणे घट्ट लावावीत. ओल्या तुकड्यावर तीनचार दिवसांत पांढरी, हिरवट वा काळी बुरशी धरते. कोरडा तुकडा जसाच्या तसा राहतो. बरण्या उघडू नयेत, वास घेऊ देऊ नये, आणि पाठ झाल्यावर ओला तुकडा बरणीसकट उकळत्या पाण्यात टाकून मग पुरावा.

आता मुलांना विचारावे : बुरशीचे बीज दोन्ही तुकड्यांवर पडले होते का? उत्तर होकारार्थी आहे; कारण बुरशीचे अतिसूक्ष्म बीजकण हवेत, धुळीत, सर्वत्र असतात. मग ती एकाच तुकड्यावर का वाढली? जमिनीत ओल असल्यावाचून बाजरी उगवत नाही, हे शेतकऱ्याच्या मुलाला सांगावे लागत नाही. बीज सर्वत्र आहे. ते रुजावयाचे की नाही हे जमीन ठरविते. पाठाचे सारे सूत्र या एका वाक्यात आहे.

एखादा मुलगा विचारील, बुरशी आलेली भाकरी खाल्ली तर नायटा होतो काय? होत नाही. भाकरीवरची बुरशी निराळी आणि नायट्याची निराळी. परंतु बुरशी धरलेले अन्न, विशेषतः कुबट शेंगदाणे व मका, खाऊ नये. काही बुरशी त्यांत यकृताला घातक असे विष निर्माण करतात.

कातडीवरील बुरशी

इ. स. १८४१ मध्ये पॅरिस येथे डेव्हिड ग्रुबी या वैद्याने सूक्ष्मदर्शकातून डोक्यातील खवड्यांची पाहणी केली व त्यांचे कारण बुरशी आहे हे दाखवून दिले. रोगजंतूंविषयीचे पाश्चर व कॉख यांचे प्रसिद्ध शोध त्यानंतरचे आहेत.

नायट्याची बुरशी केराटिन नावाच्या द्रव्यावर जगते. हे द्रव्य कातडीच्या वरच्या मृत थरात, केसांत व नखांत असते. म्हणून ही बुरशी आतड्यात राहात नाही, आणि मुलाने खाल्लेले दही तिच्यापर्यंत पोचत नाही. दूध, दही, वांगे यांनी नायटा होतो किंवा ते सोडल्याने तो बरा होतो, यास आधार नाही. ती बुरशी पोचते ती दुसऱ्याच वाटांनी : एकच टॉवेल, एकच कंगवा, एकच टोपी, एकच अंथरूण यांमुळे. अंगावर राखाडी खपल्यांची वर्तुळे असलेल्या वासराला बिलगल्याने किंवा केस झडलेल्या मांजराच्या पिलाला कुरवाळल्यानेही ती लागते. रुजते मात्र ती जेथे घाम व ओल साचते तेथे : जांघेत, काखेत, कमरेच्या घट्ट पट्ट्याखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. शेतात पाणी देणाऱ्याच्या पायाला चिखल्या होतात, आणि कारखान्यात दिवसभर बूट घालणाऱ्याच्याही पायाला तोच विकार जडतो. जागा दोन, जमीन एकच.

आहाराचा खरा संबंध

मग आहाराचा काहीच संबंध नाही असे समजावे काय? तसे नव्हे. तो संबंध एखाद्या पदार्थाशी नसून शरीराच्या एकंदर शक्तीशी आहे.

पहिला संबंध पोषणाचा. पोटभर डाळ, कडधान्य, दूध वा अंडे न मिळालेल्या मुलाची प्रतिकारशक्ती क्षीण होते आणि कातडीवरील जखमा लवकर भरत नाहीत. म्हणून नायटा झालेल्या मुलाचे दूध तोडणे म्हणजे शत्रू वेशीवर आला असता शिपायांची शिधासामग्री बंद करण्यासारखे आहे.

दुसरा संबंध रक्तातील साखरेचा. मधुमेह ताब्यात नसला म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींची लढण्याची शक्ती मंदावते, आणि बुरशीला अनुकूल जमीन मिळते. याचा दाहक अनुभव महाराष्ट्राने २०२१ साली घेतला. करोनाच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिस, म्हणजे लोक ज्याला काळी बुरशी म्हणू लागले तो रोग, देशात ज्या राज्यांत सर्वांत अधिक आढळला त्यांत महाराष्ट्र व गुजरात अग्रभागी होते. या बुरशीचे बीज माती व कुजका पाला यांत नेहमीच असते. परंतु मधुमेह अनियंत्रित असलेल्या आणि स्टेरॉइड औषधे घेतलेल्या रोग्यांत ते नाकात रुजून डोळ्यांपर्यंत व मेंदूपर्यंत गेले. कित्येकांचे डोळे काढावे लागले, कित्येक दगावले. बीज जुनेच होते. जमीन बदलली होती.

थोरांना वारंवार नायटा होत असेल किंवा तोंडात पांढरा थर येत असेल, तर रक्तातील साखर तपासून घ्यावी, असा निरोप मुलांकरवी घरी पाठवावा. निरोगी माणसाची उपाशीपोटी साखर १०० मिलिग्रॅमच्या आत असते. १२६ किंवा त्याहून अधिक आढळल्यास मधुमेहाचा संशय घेऊन पुन्हा तपासणी करतात.

आतड्यातील वस्ती

कातडीवरच्या बुरशीहून निराळे असे कँडिडा नावाचे एक किण्व पुष्कळ निरोगी माणसांच्या तोंडात व आतड्यात राहते. त्याच आतड्यात अब्जावधी उपकारक जंतूही राहतात, आणि त्यांच्या गर्दीमुळे किण्वाला फार जागा मिळत नाही. शेतात पीक दाट असले म्हणजे तण माजत नाही, तसेच हे आहे. प्रतिजैविक औषधे जंतूंना मारतात, बुरशीला मारीत नाहीत. ती विनाकारण घेतली म्हणजे पीक उपटले जाते आणि तणास मोकळे रान मिळते. सर्दीपडशासाठी दुकानातून परस्पर गोळ्या आणू नयेत, याचे हेही एक कारण आहे.

या उपकारक जंतूंचे अन्न म्हणजे चोथा. माणसाला तो पचत नाही. मोठ्या आतड्यातील जंतू तो आंबवितात आणि त्यापासून अशी आम्ले तयार करतात की ज्यांवर आतड्याच्या अस्तराचे पोषण होते व त्याची सूज आटोक्यात राहते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांप्रमाणे १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ११ ग्रॅम व ज्वारीत सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. सडलेल्या तांदळात व मैद्यात तो ३ ग्रॅमहूनही कमी असतो. शिरूरच्या कोरडवाहू रानात पिकणारी बाजरी, तिच्यासोबत मटकी, हुलगे व पालेभाजी हा आहार सोडून मुलांचा नाश्ता बिस्किटाच्या पुड्यावर व पावावर आला, तर ती प्रगती म्हणता येणार नाही. साखरेविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली अशी शिफारस केली की, वरून घातलेली साखर व गूळ यांतून मिळणारी ऊर्जा एकंदर ऊर्जेच्या दहा टक्क्यांच्या आत, आणि शक्य तर पाच टक्क्यांच्या आत असावी. पाच टक्के म्हणजे मोठ्या माणसास दिवसाला सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे.

आतडे सुजण्याचे खेड्यातील नित्याचे कारण मात्र दूषित पाणी व न धुतलेले हात हेच आहे. आव व जुलाब वारंवार झाले म्हणजे लहान आतड्याचे अस्तर झिजते, खाल्लेले अंगी लागत नाही, आणि ताटात पुरेसे असूनही मूल रोड राहते. याखेरीज क्रोन व अल्सरेटिव्ह कोलायटिस असे आतड्याच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या दाहाचे रोग आहेत. लॉस एंजेलिस येथील संशोधकांनी २०१२ साली असे दाखविले की, बुरशी ओळखणारा एक घटक ज्या उंदरांच्या शरीरात नसतो, त्यांच्या आतड्याचा दाह अधिक तीव्र होतो. आतड्यातील बुरशी व दाह यांचे नाते आहे, एवढे यावरून दिसते; परंतु उंदरावरून माणसाचे पथ्य ठरविता येत नाही. गोड बंद केल्याने कँडिडा नाहीसा होतो व आतडे बरे होते, असे सिद्ध झालेले नाही. शौचातून रक्त पडणे, आठवडेच्या आठवडे जुलाब होणे, वजन घटणे ही लक्षणे दिसल्यास पथ्यावर विसंबू नये, डॉक्टरांस दाखवावे. दाह भडकला असता चोथा किती घ्यावा हेही त्यांनाच विचारावे.

मलमाचा धोका

दुकानातून आणलेल्या काही मलमांत बुरशीनाशकाबरोबर स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने खाज व लाली दोन दिवसांत ओसरते, म्हणून लोक त्यावर विश्वास ठेवतात. वास्तविक ओसरते ती शरीराची लढाई. बुरशी आत पसरतच राहते, आणि मलम थांबविताच नायटा दुप्पट होऊन उमटतो. केंद्र सरकारने २०१८ साली स्टेरॉइडयुक्त मलमांची विक्री डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच व्हावी असा नियम केला. २०२० साली जपानी संशोधकांनी भारत व नेपाळमधील रुग्णांत आढळलेल्या एका हट्टी बुरशीचे ट्रायकोफायटॉन इंडोटिनी असे नामकरण केले. नेहमीचे औषध तिला अनेकदा लागू पडत नाही. टाकळ्याला संस्कृतात दद्रुघ्न म्हणजे नायटा नाहीसा करणारा म्हणतात. पावसाळ्यात त्याची भाजी अवश्य खावी, परंतु औषध म्हणून तिच्यावर विसंबू नये. लसूण वाटून लावल्याने किंवा रॉकेल चोळल्याने कातडी भाजते.

कातडीचा नायटा योग्य मलमाने साधारणतः दोन ते चार आठवड्यांत बरा होतो. खाज थांबली तरी सांगितलेली मुदत पुरी करावी. डोक्यातील खवड्यांना मलम पुरत नाही, कारण बुरशी केसाच्या मुळात असते. तेथे पोटात घ्यावयाचे औषध कित्येक आठवडे लागते. घरात एकाहून अधिक जणांना विकार असल्यास सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्यावा.

शिक्षकांस सूचना

१. नायटा झालेल्या मुलास वेगळे बसवू नये, घरीही धाडू नये. उपचार सुरू झाल्यावर ते शाळेत येऊ शकते. चट्टा कपड्याने झाकलेला असावा, एवढे पुरे.

२. मुलाचे नाव घेऊन उदाहरण देऊ नये. वासरू, भाकरी व बूट यांची उदाहरणे पुरेशी आहेत.

३. पालकसभेत तीन गोष्टी सांगाव्यात : प्रत्येकाचा टॉवेल व कंगवा निराळा; आतले कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळविणे; आंघोळीनंतर बोटांच्या बेचक्या कोरड्या करणे. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला निदान दोरीवर ज्याची त्याची जागा ठरविता येते.

४. शालेय भोजनात वाढलेले वरण वा उसळ, नायटा आहे म्हणून, कोणाही मुलाने ताटात टाकून देऊ नये, याकडे लक्ष द्यावे.

विद्यार्थ्यांना विचारावयाचे प्रश्न

१. दोन्ही बरण्यांत बुरशीचे बीज असता ती एकाच तुकड्यावर का वाढली?
२. दही खाल्ल्याने नायटा का होत नाही? केराटिन हा शब्द वापरून उत्तर लिहा.
३. प्रतिजैविक औषध विनाकारण घेतल्यास आतड्यातील किण्व का वाढते? शेतातील उदाहरण द्या.
४. खाज थांबली म्हणजे नायटा बरा झाला, हे म्हणणे बरोबर आहे काय? कारण सांगा.
५. घरी जाऊन पाहा : तुमच्या घरात टॉवेल किती आणि माणसे किती?