वऱ्हाडातील कुंड्यांसाठी कांदाफुले : स्वाती नक्षत्रातील लागवड

हस्ताचा पाऊस ओसरला, सोयाबीन खळ्यावर आले आणि कपाशीची पहिली वेचणी तोंडावर येऊन ठेपली, म्हणजे अमरावती-अकोल्याकडील कास्तकारास उसंत कशी ती नसते. तरीही चित्रा नक्षत्र उतरून स्वाती लागण्याच्या या पंधरवड्यात ज्यास घरच्या अंगणासाठी अर्धा दिवस काढता येईल, त्याच्या दारापुढील कुंड्यांतून माघ-फाल्गुनात दोन हात उंचीच्या दांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गोल गुच्छ डोलू लागतील. ‘ॲलियम’ या नावाने जी शोभेची फुले विलायती उद्यानांच्या चित्रांतून आपणांस मोह घालतात, ती याच पलांडुकुलातील होत. मात्र त्या कुलातील कोणता कंद वऱ्हाडच्या हवेस मानवेल, याचा विवेक खरेदीपूर्वीच केला पाहिजे.

विलायती कंदांविषयी

चेंडूएवढ्या जांभळ्या फुलांचा ‘ॲलियम गिगँटियम’ आणि त्याचे भाईबंद मूळचे मध्य आशिया व इराण या प्रदेशांतील डोंगराळ भागांचे रहिवासी आहेत. दोन-तीन महिने कडाक्याची थंडी, त्यानंतर सावकाश उबदार होत जाणारा वसंत आणि शेवटी कोरडा उन्हाळा, या क्रमावर त्यांचे जीवनचक्र बेतलेले असते. आपल्याकडे थंडी अल्पकाळ टिकते आणि फेब्रुवारी सरता सरता ऊन असे तापू लागते, की पुढील वर्षाचे अन्न कंदात साठविण्यापूर्वीच पाने करपून जातात. सुमारे 1,100 मीटर उंचीवरील चिखलदऱ्यास हवा अधिक शीतल असली, तरी तेथील हिवाळाही त्या डोंगरांइतका प्रखर व प्रदीर्घ नसतो. ज्यांस हौसच असेल त्यांनी कंद कागदी पिशवीत घालून, फळांपासून दूर, शीतकपाटात दहा-बारा आठवडे 4 ते 5 अंशांवर ठेवून मग लावावेत. परंतु ती एका हंगामाची चैन समजावी. घरगुती बागेसाठी तिची शिफारस करणे आम्हांस उचित वाटत नाही.

घरचाच कांदा

आपला नित्याचा कांदा हा द्विवर्षायू आहे : पहिल्या हंगामात तो कंद धरतो आणि तो कंद पुन्हा लावून त्यास काही आठवडे सुमारे 8 ते 12 अंशांची थंडी लाभली, म्हणजे त्याच्या गर्भातून फुलांचा दांडा निघतो. डिसेंबर-जानेवारीतील वऱ्हाडच्या रात्री त्यास बहुधा पुरेशा होतात. रब्बी कांद्याच्या वाफ्यात डेंगळे दिसू लागले की कास्तकाराचा जीव खालीवर होतो, कारण डेंगळ्याचा कांदा टिकत नाही आणि बाजारात त्यास भावही येत नाही. परंतु तेच डेंगळे कुंडीत आले, तर ती बागेची शोभा होते. एका गोंड्यात शेकडो चिमुकली फुले असतात व ती एकदम न उमलता क्रमाक्रमाने उमलत असल्यामुळे बहर दोन-तीन आठवडे टिकतो.

गेल्या उन्हाळ्यात निघालेल्या आणि चाळीत नीट टिकलेल्या कांद्यांतून 60 ते 80 ग्रॅम वजनाचे, घट्ट, निरोगी कंद निवडावेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ‘अकोला सफेद’ हा पांढरा वाण मिळाल्यास उत्तम, पण घरातील लाल कांदाही चालतो. फुले त्याचीही पांढरीच येतात. बीजोत्पादक ज्या जोडकांद्यास बाजूला काढतो, तो शोभेच्या कुंडीस वर्ज्य नाही, कारण त्यातून एकाहून अधिक दांडे निघतात.

कुंडी, माती आणि लागवड

आपली काळी कसदार जमीन कपाशीस वरदान असली, तरी कुंडीत ती ओली असता चिकट होते, सुकली असता भेगाळते, आणि कंदाच्या बुडाशी पाणी धरून ठेवते. म्हणून दोन भाग पोयटा, एक भाग वाळू, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड असे मिश्रण करावे. बारा इंच व्यासाची व तितकीच खोल मातीची कुंडी घेऊन तळाच्या छिद्रावर खापराचा तुकडा ठेवावा आणि तीत चार कंद अशा बेताने लावावेत, की त्यांची मान मातीच्या पृष्ठभागाशी येईल. लवकर उगवण व्हावी म्हणून बीजोत्पादक कंदाचा वरचा तृतीयांश भाग कापतात. तसे करावयाचे असल्यास कापलेले कंद ट्रायकोडर्माच्या द्रावणात बुडवून लावावेत. कुंडी उघड्या आकाशाखालीच असावी. ओसरीच्या उबेत ठेवलेल्या कंदास थंडी लागत नाही आणि मग दांडाही निघत नाही.

पाण्याची खबरदारी

अकोट, तेल्हारा, दर्यापूर या तालुक्यांतून पूर्णेच्या काठाने जो खारपाणपट्टा पसरला आहे, तेथील बागकाराने हा परिच्छेद विशेष लक्षपूर्वक वाचावा. क्षारांस कांदा फार लवकर बळी पडतो आणि कुंडीतील क्षारांस खाली निचरून जाण्यास जमिनीइतका वाव नसतो. पानांची टोके करपली आणि कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसू लागला, तर विहिरीचे पाणी तत्काळ बंद करावे. साठविलेले पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी द्यावे आणि पंधरवड्यातून एकदा ते तळाच्या छिद्रातून वाहून जाईपर्यंत घालून क्षार धुऊन काढावेत. एरवी वरची माती सुकल्यावरच पाणी देणे श्रेयस्कर. महिन्याने मूठभर गांडूळखत पुरे होते. युरियाचा मोह धरू नये, त्याने पाने माजतात आणि कंद सडतो.

कीड, वारा आणि गारा

पानांवर रुपेरी चट्टे दिसले, तर ते फुलकिड्यांचे काम समजावे. त्यांवर एका लिटरला 50 ग्रॅम निंबोळीच्या हिशेबाने केलेला पाच टक्के अर्क फवारावा आणि निळे चिकट सापळे लावावेत. जांभळा करपा दिसताच रोगट पाने काढून जाळावीत. फुले उमलल्यावर मात्र कोणतीही फवारणी करू नये, कारण त्या काळी गोंड्यांवर मधमाश्यांचा राबता असतो. पोकळ दांड्यांस कामट्यांचा आधार द्यावा. आणि अवकाळी पावसाचे वा गारपिटीचे चिन्ह दिसताच कुंडी छपराखाली घ्यावी, शेतातील पिकास न मिळणारी ही मुभा कुंडीस आहे.

शेजारधर्म

कांद्याच्या फुलातील पराग आधी गळतो आणि त्याच फुलाचे कुक्षिमुख मागाहून ग्रहणक्षम होते. सबब परपरागीभवन हाच त्याचा धर्म आहे आणि मधमाशी ते कार्य दूरवर करते. प्रमाणित बीजोत्पादनात दोन वाणांमध्ये किमान अर्धा किलोमीटर व पायाभूत बियाण्यात एक किलोमीटर अंतर राखावे लागते, ते याचसाठी. आपल्या शिवारात कोणी कांद्याचे बी धरले असेल, तर आपल्या कुंडीतील चार गोंडे त्याच्या वर्षभराच्या कष्टाची शुद्धता घालवू शकतात. त्यास आधी विचारावे. तो बी धरीत असेल, तर गोंडे उमलण्यापूर्वीच खुडावेत. अशा गावी मणिपुरात ‘मरोई नाकुपी’ म्हणून घरोघरी लावली जाणारी, लसणाच्या वासाची बहुवर्षायू ॲलियम निवडावी. तिचे बेट फोडून लावता येते, पाने भाजीस येतात आणि पांढरी फुले कुंडीस शोभतात. तिच्यामुळे कांद्याच्या बियाण्यात भेसळ होण्याची भीती नाही.

बहर संपल्यावर गोंडे वाळून काळे बी दिसू लागते. ते पातीसाठी पेरण्यास हरकत नाही. पण चार-पाच झाडांच्या बियाण्यावर शेतातील पीक उभे करू नये, कारण जवळच्या झाडांतील संकराने कांद्याचा जोम झपाट्याने खालावतो, आणि हे बी वर्षाहून अधिक ठेवल्यास उगवणही घटते. खर्च म्हणावा तर चार कांदे, एक कुंडी आणि टोपलीभर खत. तेव्हा स्वाती सरण्यापूर्वी चाळीतून चार चांगले कांदे काढावेत, बी धरणाऱ्या शेजाऱ्यास विचारावे आणि लागवड उरकून घ्यावी.