पिवळी, लाल, काळी : गाडीतल्या स्क्रीनमागचं वायरिंग

बाहेरून आणलेला टचस्क्रीन गाडीत बसवून द्यायला ॲक्सेसरीवाल्याला तास-दीड तास लागतो. त्यामुळे हे काम किरकोळ आहे असा आपल्या सगळ्यांचा समज असतो. समोरून दिसतो तो चकचकीत स्क्रीन. मागे कोंबलेला वायरींचा गुंता मात्र कुणी बघत नाही, आणि पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकलमध्ये जे जे आपण पाठ केलं, ते बरंचसं त्याच गुंत्यात असतं.

आधी माप. डॅशबोर्डमधल्या रेडिओच्या खिडकीला 'डिन' म्हणतात. हे मूळचं जर्मन स्टँडर्ड, पुढे ते आयएसओ ७७३६ झालं. सिंगल डिन म्हणजे १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिन १८० बाय १००. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत रुंदी २०० असते, म्हणून दोन्ही बाजूंना पट्ट्या लावाव्या लागतात. आताचे ९-१० इंची स्क्रीन या खिडकीत मावतच नाहीत. त्यांना त्या त्या मॉडेलची प्लॅस्टिकची फ्रेम लागते. फ्रेम मॉडेल आणि साल सांगूनच घ्यावी. "बसेल की, थोडं घासलं की झालं" असं जो म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नये.

डॅशबोर्ड उघडण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि दहा मिनिटं चहा प्या. गंमत नाही, एअरबॅगच्या सर्किटमधल्या कपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असतो. एअरबॅगचे कपलर बहुधा पिवळे असतात. त्यांना हात लावायचा नाही, मल्टिमीटरची पिनसुद्धा नाही.

आता मुख्य भाग. स्क्रीनला पॉवरच्या तीन वायरी असतात. पिवळी कायम १२ व्होल्टवर, म्हणजे थेट बॅटरीवर. घड्याळ, स्टेशनं, सेटिंग हिच्यामुळे लक्षात राहतात. लाल वायर चावी फिरवल्यावरच १२ व्होल्ट देणाऱ्या लाइनला, म्हणजे ॲक्सेसरीला. काळी अर्थ. (व्होल्टेजला मराठीत विद्युतदाब म्हणतात हे मला ठाऊक आहे, पण वायरमनसमोर तो शब्द उच्चारायची हिंमत होत नाही.) लाल वायर हा खरं तर निरोप आहे : 'मालक आले, जागा हो'. काही युरोपियन गाड्यांच्या कपलरमध्ये लाल-पिवळीच्या जागा उलट असतात. मग चावी काढली की स्क्रीन सगळं विसरतो.

याहून वाईट प्रकार आमच्या मजल्यावरच्या एका मित्राच्या घरी झाला. त्याच्या बाबांची छोटी गाडी आठवड्यातून एकदाच निघते. स्क्रीन बसवल्यापासून दर रविवारी धक्का. बसवणारा म्हणाला बॅटरी गेली, म्हणून नवी घेतली. तीही पुढच्या रविवारी झोपली. शेवटी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही निगेटिव्ह काढून मल्टिमीटर १० अँपिअरच्या रेंजवर सिरीजमध्ये लावला, गाडी लॉक केली आणि अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले बाकीचे मॉड्यूल झोपायला वेळ घेतात. (मीटर असा लावलेला असताना स्टार्टर मारायचा नाही. मीटरचा फ्यूज उडतो.) सगळं झोपल्यावर करंट साधारण ५० मिलिअँपिअरच्या आत हवा. इथे ०.४ अँपिअर दिसत होता. गणित करा : ०.४ गुणिले २४ म्हणजे दिवसाला ९.६ अँपिअर-अवर. बॅटरी ३५ ची. चार दिवसांच्या आत रिकामी, आणि स्टार्टर त्याच्या कितीतरी आधी हात टेकतो. लाल वायर पिवळीलाच पिळून जोडलेली होती. बाबा बटण दाबून स्क्रीन काळा करायचे, आतला प्रोसेसर मात्र रात्रंदिवस जागा. लाल वायर सिगारेट लायटरच्या लाइनवर नेली आणि करंट २० मिलिअँपिअरवर आला. जुन्या बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

नव्या गाड्यांत रेडिओच्या कपलरला ॲक्सेसरीची वायर कधी कधी नसतेच. चावीचा निरोप कॅन बसवरून जातो. तिथे कॅन डीकोडरची डबी घ्यावी. कुठलीतरी चालू लाइन शोधून टॅप मारू नये.

फ्यूज बहुधा १० किंवा १५ अँपिअरचा असतो आणि तो स्क्रीनपेक्षा वायरीच्या रक्षणासाठी असतो. उडाला म्हणून मोठा टाकला तर पुढच्या वेळी फ्यूजच्या जागी वायर तापते, तीही डॅशबोर्डच्या प्लॅस्टिकच्या आत. जोड नुसता पिळून टेप गुंडाळलेला नको. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद वितळतो आणि टेप सुटतो. क्रिंप करा किंवा सोल्डर करून हीट श्रिंक चढवा. कंपनीचा कपलर कापण्यापेक्षा त्याला जुळणारं हार्नेस घ्या. चार पैसे जास्त जातील, पण उद्या मूळ रेडिओ परत लावता येतो.

आता खोक्यावरचं '४ गुणिले ५० वॉट'. इंजिन चालू असताना सप्लाय १४.४ व्होल्ट धरा. आतला ॲम्प्लिफायर ब्रिज पद्धतीचा असतो, म्हणून स्पीकरला जास्तीत जास्त १४.४ व्होल्टचा पीक मिळतो. साइन वेव्हसाठी आरएमएस १०.२, स्पीकर ४ ओहम, म्हणजे सुमारे २६ वॉट, आणि तोटे वजा जाता साधारण २०. मग ५० कुठून आले? १४.४ चा वर्ग भागिले ४ करा, ५२ येतात. म्हणजे पूर्ण फाटलेली स्क्वेअर वेव्ह! ब्रिजमुळेच स्पीकरची निगेटिव्ह बॉडीला लावायची नसते. तिच्यावरही सप्लायच्या निम्मे व्होल्ट असतात. लावली तर आयसी प्रोटेक्शनमध्ये जातो, नाहीतर मरतो. रंग असे : पांढरी पुढची डावी, राखाडी पुढची उजवी, हिरवी मागची डावी, जांभळी मागची उजवी, काळी रेघ असलेली निगेटिव्ह. एका स्पीकरची उलटी लागली तर बेस गायब होतो. शंका असेल तर स्पीकर सोडवून घ्या आणि दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलच्या पॉझिटिव्हकडची बाजू प्लस.

रिव्हर्स कॅमेऱ्याला पॉवर रिव्हर्सच्या दिव्यावरून, आणि तीच लाइन स्क्रीनच्या ट्रिगरला. जीपीएसचा अँटेना प्लॅस्टिकखाली चालतो, धातूच्या पत्र्याखाली नाही. पॅसेंजरच्या एअरबॅगवरून कुठलीही वायर नेऊ नका.

फ्रेमच्या क्लिपा दाबण्याआधी सगळं एकदा चालवून बघा : हॉर्न, इंडिकेटर, चारी स्पीकर, रिव्हर्स. मग चावी काढा, पाच मिनिटांनी परत लावा. घड्याळ बरोबर असेल तर पिवळी जागेवर आहे. आता क्लिपा दाबा.