हुतात्मा चौकातील कारंजे

मुंबईच्या दक्षिण भागास जुनी माणसे 'कोट' म्हणतात. तेथे आता कोट दिसत नाही. परंतु एके काळी त्या वस्तीभोवती भक्कम तटबंदी होती. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत ती पाडण्यात आली. तिच्या 'चर्चगेट' नावाच्या दरवाजाच्या जागी १८६४ साली एक दगडी कारंजे उभे राहिले.

ते दिवस भरभराटीचे होते. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि येथील कापसास सोन्याचे मोल आले. रिचर्ड नॉर्मन शॉ यांनी कारंज्याचा आराखडा काढला, जेम्स फोर्साइथ यांनी मूर्ती घडविल्या. दगडसुद्धा इंग्लंडहून आला. शिखरावर फ्लोरा ही रोमन लोकांची पुष्पदेवता उभी आहे. भर बाजारपेठेत फुलांची देवता कशी, असे कोणासही वाटेल. हे कारंजे मुळात भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी योजिलेले होते!

पुढे ज्या घटनेने या चौकाचे नावच पालटले, ती २१ नोव्हेंबर १९५५ रोजी घडली. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी काढण्याच्या योजनेविरुद्ध लोक मोठ्या संख्येने विधानसभेकडे निघाले होते. ते शांततेने निषेध नोंदविण्यास आले होते. त्यांना याच कारंज्यापाशी अडविण्यात आले. पोलिसांनी गोळीबार केला व १५ जण प्राणास मुकले. चळवळ मात्र थांबली नाही. तीत एकंदर शंभराहून अधिक माणसे बळी पडली, तेव्हा कोठे १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले.

त्यांच्या स्मरणार्थ येथे मशाल धरलेले शेतकरी व कामगार उभे करण्यात आले आणि जागेस 'हुतात्मा चौक' हे नाव मिळाले. परकी देवता मात्र कोणी हलविली नाही. हे योग्यच झाले. त्या बिचारीने कोणाचे काय वाकडे केले होते?

नंतरच्या काळात कारंज्याची आबाळ झाली. दगडावर रंगाचे थरावर थर चढले, नळ गळू लागले, पाणी आटले. अखेर जाणत्या कारागिरांनी रंग खरवडून मूळ दगड उघडा केला. २०१८ साली भोवतालची जमीन खोदताना ट्रामचे जुने रूळ सापडले. मुंबईची ट्राम १९६४ सालीच बंद झाली होती. जानेवारी २०१९ मध्ये फ्लोरेच्या पायथ्याशी पाणी पुन्हा खळाळू लागले. मशालधारी शेतकरी व कामगार तेथून हाकेच्या अंतरावर आहेत.