संगणकातील चुका शोधणारे शास्त्रज्ञ

देगलूर हे नांदेड जिल्ह्यातील, तेलंगणाच्या सीमेजवळचे शहर. येथील बाजारात मराठी, उर्दू आणि तेलुगू या भाषा कानांवर पडतात. येथील शेतकरी पिकावर कीड पडली, की जाणकाराला दाखवतो. परभणीच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञ अशा किडींचा अभ्यास करतात आणि उपाय पुन्हा शेतातच करून पाहतात.

संगणकाच्या बाबतीतही असेच घडते. संगणक ज्या सूचनांप्रमाणे चालतो, त्यांना सॉफ्टवेअर म्हणतात. या सूचना माणसेच लिहितात. म्हणून त्यांत चुका राहतात. टाटा उद्योगसमूहाने १९८१ साली पुण्यात एक संशोधन केंद्र सुरू केले. तेथे अशा चुकांचाही अभ्यास झाला. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीचे प्रमुख फकीरचंद कोहली यांचा त्यात पुढाकार होता. कोहलींचा जन्म पेशावरचा, शिक्षण लाहोरचे. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक सुब्बाराव केंद्राचे पहिले संचालक झाले. कंपनीने आपल्या रोजच्या अडचणी सांगायच्या आणि शास्त्रज्ञांनी त्यांवर उपाय शोधायचे, अशी ही भागीदारी होती.

एक मोठी अडचण २००० साल जवळ आल्यावर उभी राहिली. जागा वाचावी म्हणून जुन्या सॉफ्टवेअरमध्ये वर्षाचे शेवटचे दोनच अंक लिहीत. समजा, तुमच्या दादाजानांचा जन्म १९३५ चा आहे. १९९९ साली संगणक ९९ मधून ३५ वजा करी आणि वय ६४ सांगे. पण २००० साली? शून्यातून ३५ वजा! मग पेन्शन कोणाला आणि कशी मिळणार?

दुरुस्ती सोपी वाटते. परंतु बँकांच्या सॉफ्टवेअरमध्ये लाखो ओळी असतात आणि तारीख कोणत्या नावाखाली लपली आहे, हे पटकन कळत नाही. एक ओळ सुटली, तरी हिशेब चुकतो. म्हणून सॉफ्टवेअर वाचून संशयाच्या जागा दाखवणारे दुसरे सॉफ्टवेअर तयार करावे लागले. पुण्याच्या केंद्रातील शास्त्रज्ञांनी अशी साधने बनवली. पुढे मोटारगाडीतील सॉफ्टवेअर तपासण्याचे साधनही तेथेच तयार झाले. तेथे चूक राहिली, तर पैसा नव्हे, जीव जातो.

कोहलींनी २००० साली संगणकाच्या मदतीने प्रौढांना वाचायला शिकवण्याचे काम सुरू केले. पहिले धडे तेलुगूत होते. पुढे ते मराठीत आले आणि उर्दूतही.

स्वाध्याय
१) वर्षाचे दोनच अंक का लिहीत असत?
२) तुमच्या अम्मीच्या जन्मवर्षाचे शेवटचे दोन अंक घेऊन वरील वजाबाकी करून पाहा.