तारा लावण्याआधी एसटीचा विचार करा

मुरबाड-शहापूरकडचे पालक “पोरीचे दात पुढे आलेत, तारा लावा” म्हणत येतात, तेव्हा मी आधी घर कुठे ते विचारतो. सिद्धगडाच्या पायथ्याच्या नारिवली-बोरवाडीकडच्या घरांसाठी हा प्रश्न दातांइतकाच महत्त्वाचा आहे. उपचार साधारण दीड-दोन वर्षं चालतो आणि दर चार ते सहा आठवड्यांनी यावंच लागतं.

तार दाताला सतत हलका रेटा देते. पुढचं हाड झिजत जातं, मागे नवं भरतं आणि दात महिन्याला जेमतेम एक मिलिमीटर सरकतो. लग्न जमल्यावर “दोन महिन्यांत करून द्या” म्हणणाऱ्यांना मी नाहीच म्हणतो; जोर वाढवला तर दातांची मुळं झिजतात. उलट, तारा तोंडात ठेवून महिनोन्‌महिने आलंच नाही, तर दात भलतीकडे सरकतात आणि तारेभोवती अन्न अडकून कीड लागते. भर पावसात एसटीने येणं जमेल का, मूल आश्रमशाळेत असेल तर आणणार कोण, हे आधी ठरवा. जमणार नसेल तर सुरू करू नका. थोडे वाकडे दात हा आजार नव्हे.

काही बाबतीत मात्र टाळाटाळ नको. वरचे दात फार पुढे असतील तर कबड्डीत पडल्यावर तेच आधी तुटतात. खालचे दात टाळूत रुतणं किंवा सुळा हिरडीत अडकणं, हेही दाखवायलाच हवं. तारांसाठी 12 ते 14 हे वय सोयीचं, पण जबड्याचा दोष मूल सात-आठ वर्षांचं असतानाच कळू शकतो.

खर्चाची धास्ती असेल तर मुंबईचं शासकीय दंत महाविद्यालय सीएसएमटी स्थानकाजवळ, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात आहे. आसनगावहून थेट लोकल मिळते. खासगीपेक्षा खर्च बराच कमी. रांगेची मात्र तयारी ठेवा.

तारा असताना भाकरी खुशाल खा. ऊस, चिक्की, अख्खा पेरू नको. कणसाचे दाणे सोडवून घ्या. घरात कुणी मशेरी लावत असेल तर ती मुलांच्या हाती लागू देऊ नका. तार टोचली तर पकडीने कापू नका, दवाखान्यातून मिळालेलं मेण लावा.

तारा निघाल्यावर रिटेनर लावावा लागतो, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागी सरकू लागतात. तो गरम पाण्यात धुऊ नका, वाकडा होतो. जेवताना कागदात गुंडाळूनही ठेवू नका, उष्ट्याबरोबर फेकला जातो.